हरवलेल्या घोड्याची खाण

माझं आयुष्य सोन्यात गेलं, असं मी कोणाला सांगितलं तर तो आधी माझ्या सदऱ्याच्या कॉलरकडे बघतो आणि मग विषय बदलतो. पण ते खोटं नाही. मी बँकेत होतो आणि त्यातली बावीस वर्षं सोनेतारण कर्जाच्या टेबलावर होतो. समोर गिऱ्हाईक, शेजारी बँकेचा सराफ, मध्ये तराजू. पाटल्या, बिलवर, तोडे, मोहनमाळा, बोरमाळा, कधी कधी नुसती एक मुरणी. सगळं माझ्या हातावरून पुरचुंडीत गेलं आणि पुरचुंडीवर लाख लागली. लग्नसराईच्या आधी माणसं सोडवायला येत आणि जूनमध्ये पेरणीच्या आणि शाळेच्या तोंडावर तीच माणसं तेच दागिने घेऊन परत येत. निवृत्त होताना आमच्या सराफानं मला कसोटीच्या दगडाचा एक छोटा तुकडा भेट दिला. काळा कुळकुळीत, आगपेटीएवढा. तो अजून माझ्या पाकिटात असतो. लोक गणपतीचा फोटो ठेवतात, मी कसोटी ठेवतो.

आणि एक अभिमान मी आयुष्यभर बाळगला. गावाचं सोनं तारण ठेवून घेतलं, पण आमच्या घरातली गुंजभर वस्तू कधी कोणाच्या तिजोरीत गेली नाही. माझ्या आईनं आमच्या लग्नात सौभाग्यवतींच्या हातात घातलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आजही तिच्या हातात आहेत. हे वाक्य मी किती समारंभांतून म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. त्याच्याच जोडीला दुसरं एक वाक्य असे: ‘आमचा मुलगा अमेरिकेत शिकला तो स्वतःच्या हिमतीवर. पहिल्या वर्षाचे पैसे दिले, नंतर एक पैसा पाठवला नाही.’

तर अशा ह्या सोन्यातल्या माणसानं सोनं निघतं ती जागा मात्र कधी पाहिली नव्हती. कोलारला जायचं फार दिवस मनात होतं, तेवढ्यात २००१ साली ती खाणच बंद झाली. मुलानं हे लक्षात ठेवलं असावं. गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे कॅलिफोर्नियात असताना शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, ‘‘बाबा, उद्या सोन्याची खाण बघायला जाऊ. वाळवंटातल्या डोंगरावर आहे. जाऊन-येऊन चार मैल चालावं लागेल.’’

‘‘चार मैल म्हणजे?’’ सौ.नं विचारलं.

‘‘साडेसहा किलोमीटरच्या आत. चढ एकूण साडेपाचशे फूट.’’

‘‘म्हणजे दोन पर्वत्या,’’ ती म्हणाली आणि लगेच धपाट्याचं पीठ भिजवायला उठली. पुण्याच्या माणसाला जगातला कुठलाही डोंगर मोजायला पर्वती पुरते. हिमालयही मोजून झाला असेल.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला अडीच-तीन तासांवर जोशुआ ट्री नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कारंजं आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आली होती. इथे फुलं नव्हती, पाणीही नव्हतं. आत शिरण्याआधीच चिरंजीवांनी सांगितलं, की आत पिण्याचं पाणी मिळत नाही, दुकान नाही, मोबाइल बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर ठेवायचं असा तिथला सल्ला आहे. सौ.नं विचारलं, ‘‘मग लोक इथे येतात कशाला?’’ ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पण लोक मात्र पुष्कळ आले होते.

ज्याच्यावरून नाव पडलं ते जोशुआचं झाड म्हणजे खरं तर झाडच नव्हे. ते आपल्या घायपाताच्या कुळातलं. घायपातानं ताडासारखं उंच व्हायचं ठरवलं, अर्ध्या वाटेत विचार बदलला आणि सगळ्या दिशांना हात वर केले, की जे दिसेल तसं ते दिसतं. बायबलातल्या जोशुआनं असेच हात उभारले होते म्हणून त्याला त्याचं नाव मिळालं, असं सांगतात. मला मात्र मार्चअखेरीला आमच्या बँकेत उभी राहणारी गर्दी आठवली. 

हा सगळा मुलूख वाचवायचं श्रेय एका बाईकडे जातं. मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट हे तिचं नाव. बागांच्या हौसेपायी लोक वाळवंटातली झाडं उपटून शहरात नेत, ते पाहून ही बाई चिडली आणि तिनं सरकारचा पिच्छा पुरवला. १९३६ साली अध्यक्ष रूझवेल्टनं हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. १९५० साली खाणवाल्यांच्या आग्रहाखातर त्यातला बराच मोठा तुकडा कापून बाहेर काढण्यात आला. १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे सोनं आणि झाडं ह्यांचं भांडण इथे जुनंच आहे. ते पुढे वाटेवर प्रत्यक्षच दिसलं.

मुख्य रस्ता सोडून कीज व्ह्यू नावाच्या टेकडीकडे जाणारा फाटा घेतला, मग डावीकडे थोडा कच्चा रस्ता, आणि तिथे गाडी थांबली. पुढची वाट पायी. ही वाट म्हणजे खाणीवर गाड्या हाकायचा जुना रस्ताच आहे. त्यामुळे रुंद आहे, पण दगड असे की प्रत्येक पावलाला विचारून ठेवावं लागतं. चिरंजीवांच्या पाठीवर पाणी, सूनबाईच्या पाठीवर धपाटी, नातवाच्या कानात गाणी आणि माझ्या हातात काठी. सौ. नेहमीप्रमाणे नऊवारीत नसली तरी पंजाबी ड्रेस, पांढरे बूट आणि हातात पाटल्या अशी निघाली.

‘‘अगं, रानात जातोय. पाटल्या घरी ठेवायच्या होत्यास,’’ मी म्हणालो.

‘‘चोर आला तर तुमची काठी आहे ना,’’ ती म्हणाली.

चालता चालता चिरंजीवांनी खाणीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नंतर घरी येऊन मी ती वाचून पडताळून घेतली, कारण बँकेतला माणूस दुसऱ्याच्या तोंडी हिशेबावर सही करत नाही.

जॉनी लँग नावाचा एक गुराखी होता. तो आणि त्याचा बाप गुरं घेऊन ह्या खोऱ्यात उतरले. एके सकाळी बघतात तर घोडे नाहीत. माग काढत जॉनी मॅकहेनी मंडळींच्या तळावर पोचला. ही मंडळीही गुरांच्याच धंद्यात होती. फरक एवढाच, की त्यांची गुरं बहुधा दुसऱ्याची असत. त्यांनी सांगितलं, की तुझे घोडे इथे नाहीत, आणि तूही इथे नसलास तर बरं. जॉनी समजूतदार होता. तो परत फिरला. वाटेत त्याला फ्रँक डीबोल्ड नावाचा माणूस भेटला. डीबोल्डला डोंगरात सोनं सापडलं होतं, पण ह्याच मॅकहेनी मंडळींच्या धाकानं त्याला तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. लँग बापलेकांनी त्याच्याकडून तो हक्क एक हजार डॉलरला विकत घेतला. मॅकहेनींनी आपल्यालाही पळवू नये म्हणून तीन भागीदार घेतले. खाणीला नाव ठेवलं ‘लॉस्ट हॉर्स’. हरवलेला घोडा.

ही सारी हकीकत जॉनीनं स्वतः सांगितलेली आहे, तेव्हा चार आणे मीठ आपण आपल्या पदरचं धरावं. घोडा शेवटी मिळाला की नाही हे कोणी सांगत नाही. सौ.नं ते तीनदा विचारलं.

पुढे जे. डी. रायन नावाचा पैसेवाला गुरांचा मालक आला आणि त्यानं लँगच्या भागीदारांचे हिस्से विकत घेतले. लँग उरला तो त्याचा भागीदार म्हणून. आता खाणीला खरी बरकत आली. रायननं कोलोरॅडो नदीकडची दहा मुसळांची एक गिरणी सुटी करून गाड्यांवर घालून ह्या डोंगरावर आणली. मुसळ हा शब्द मी उगाच वापरत नाही. खाणीतला दगड म्हणजे काही सोन्याचा गोळा नसतो. गारगोटीत कुठे तरी न दिसण्याइतका कण असतो. तो दगड लोखंडी उखळात घालून वरून मुसळं आदळायची. आपल्या आज्या भात कांडत तसंच, फक्त इथलं एकेक मुसळ सुमारे ३८५ किलोंचं. पीठ झालं की ते पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यावरून वाहू द्यायचं. पत्र्याला पारा चोपडलेला असतो. वाळू वाहून जाते आणि सोनं पाऱ्याला चिकटून बसतं. मग तो लगदा खरवडायचा, तापवायचा, पारा उडून जातो आणि खाली सोनं उरतं.

मुसळं चालायला वाफ हवी. वाफेला पाणी हवं आणि आग हवी. पाणी साडेतीन मैलांवरच्या रायनच्या विहिरींवरून दोन इंची नळानं आणलं. आगीसाठी लाकूड मात्र जवळ होतं. डोंगरभर जुनिपरची आणि पाइनची खुजी झाडं होती. गिरणी रात्रंदिवस चाले, आणि तिचा धडधडाट सगळ्या खोऱ्यात ऐकू येई. झाडं एकेक करून भट्टीत गेली. 

‘‘बाबा, आता समोरचे डोंगर बघा,’’ चिरंजीव म्हणाले.

मी बघितलं. वाटेच्या सुरुवातीला जी झाडी होती ती इथे विरळ होत गेली होती. खाणीभोवतीचे उतार भादरल्यासारखे होते. वाळवंटात झाड उगवायला आणि वाढायला इतका काळ लागतो, की गिरणी थंड होऊन शंभरावर वर्षं झाली तरी तो टक्कल भरून आलेला नाही. खाणीच्या वहीत किती औंस निघालं ते टिपून ठेवलेलं आहे. किती झाडं गेली ते कोणी टिपलं नाही. पण डोंगरानं टिपून ठेवलंय.

शेवटच्या वळणावर गिरणी दिसली. मी काठीवर भार टाकून उभाच राहिलो. करड्या डोंगराच्या कडेला काळपट लाकडाचा उंच सांगाडा, त्यात ओळीनं उभी दहा मुसळं. उद्यानांच्या हद्दीतल्या अशा जुन्या गिरण्यांमध्ये ही सर्वांत चांगली टिकून राहिलेल्यांपैकी आहे. भोवती कुंपण आहे. खाणीचा उभा विहिरीसारखा बोगदा पाचशे फूट खोल आहे आणि दर शंभर फुटांवर त्याला आडवे फाटे फुटलेले आहेत. आता त्याचं तोंड बंद केलेलं आहे. ह्या उद्यानात अशा सोडून दिलेल्या शेकडो खाणी आहेत आणि तुम्ही त्यांत शिरू नये म्हणून जागोजागी बजावलेलं असतं. सौ.नं माझा शर्ट मागून धरून ठेवला होता. मला पाचशे फूट खोल जायची हौस असती तर मी बढतीची परीक्षा दिली असती.

सावलीचा तुकडा शोधून आम्ही धपाटी सोडली. आणि त्या मुसळांच्या समोर बसून चिरंजीवांनी गोष्टीचा खरा मसाला काढला.

गिरणी दोन पाळ्यांत चाले. रात्रपाळी जॉनी लँगकडे. दिवसपाळीला सोन्यापाऱ्याचा जो लगदा जमे तो असे बेसबॉलच्या चेंडूएवढा. रात्रपाळीचा गोल्फच्या चेंडूएवढा. आपल्या हिशेबात सांगायचं तर दिवसा मोसंबं आणि रात्री लिंबू. दगड तोच, मुसळं तीच, पारा तोच. रायनच्या लक्षात आलं, की जॉनी रात्री मोसंब्याचा अर्ध्याहून जास्त भाग खिशात घालतो. रायननं त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले: तुझा हिस्सा मला विक, नाही तर तुरुंगात जा. जॉनीनं बारा हजार डॉलर घेऊन हिस्सा विकला आणि जवळच्याच एका दरीत राहायला गेला.

मी हसून म्हटलं, ‘‘रायनचं डोकं बघा! तराजू न लावता चोरी पकडली. सोन्यातल्या माणसाला डोळ्यांनी कळतं. माझ्यासमोर बावीस वर्षांत खोटा दागिना पास झाला नाही.’’

नातवानं कानातलं गाणं काढलं. ‘‘आजोबा, खोटा कसा ओळखायचा?’’

अमेरिकेतला नातू आपण होऊन प्रश्न विचारतो हा योग वर्षातून एकदा येतो. मी पाकिटातून कसोटी काढली. समोर सोन्याची खाण, हातात कसोटी, शेजारी विद्यार्थी. मी म्हणालो, ‘‘दागिना दगडावर असा घासायचा, रेघ उमटते. तिच्यावर आम्लाचा थेंब सोडला की सोनं राहतं आणि पितळ पळतं. पण मुरलेल्या माणसाला नुसत्या रेघेच्या रंगावरून कळतं. अगं, एक पाटली दे बघू काढून.’’

‘‘नको,’’ सौ. म्हणाली.

‘‘अगं, काही झिजत नाही. एक रेघ.’’

‘‘निघत नाही ती. हात सुजलेत चालून.’’

‘‘तेल लावू का, आई?’’ सूनबाई म्हणाली. बिचारीला ठाऊक नव्हतं. चिरंजीव मात्र एकाएकी खाली बघून धपाट्याचे तुकडे करायला लागले. माझी बावीस वर्षं तशी अगदीच फुकट गेलेली नव्हती. गिऱ्हाईक खाली बघायला लागलं की दागिन्यात काही तरी आहे एवढं मला कळतं.

‘‘काय आहे?’’ मी विचारलं.

कोणी बोललं नाही. वाळवंटात कोणी बोललं नाही म्हणजे किती शांत होतं, ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. मग सौ.नं उजव्या हातातली एक पाटली सहज काढली. हात मुळीच सुजलेला नव्हता. तिनं ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘घासा.’’

मी घासली नाही. हातात घेतल्याबरोबर कळलं. इतकी वर्षं ती पाटली रोज चहाच्या कपाबरोबर माझ्या डोळ्यांपुढे येत होती, पण माझ्या हातात आली नव्हती. हलकी होती. पितळ्यावर मुलामा होता.

‘‘केव्हा?’’

‘‘दोन हजार एक,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘माझी असिस्टंटशिप गेली होती, बाबा. एका सेमिस्टरची फी भरायची होती. तुम्हांला फोन केला होता.’’

तो फोन मला चांगला आठवत होता. मी काय म्हणालो होतो तेही आठवत होतं. ‘जमत नसेल तर परत ये, इथे बँकेच्या परीक्षा असतात.’ त्यानंतर महिन्याभरानं त्याचं पत्र आलं होतं की सोय झाली. आणि मी चारचौघांत म्हणायला लागलो होतो की बघा, ताठ राहिलं की मुलं हिमतीवर उभी राहतात.

सोय अशी झाली होती: सौ. सांगलीला माहेरी गेली, भावाला बरोबर घेऊन पेढीवर गेली, पाटल्या मोडल्या आणि तशाच घाटाच्या दुसऱ्या करून हातात घालून परत आली. दर दोन-तीन वर्षांनी ती पाटल्या उजळायला सांगलीलाच नेई. त्यावरून मी तिच्याशी वाद घातलेला आहे. ‘आमच्या बँकेचा सराफ काय मेलाय? सांगलीचा सराफ सोनं उजळतो आणि इथला काय काळं करतो?’ ती म्हणायची, ‘माहेरची सवय आहे.’ ते उजळणं नव्हतं, नवा मुलामा होता.

‘‘मी पहिल्या पगारातच नव्या करून देतो म्हणालो होतो,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘आईच नको म्हणाली. म्हणे, नव्या केल्या तर बाबा वजन करतील आणि पावती मागतील.’’

हे मात्र खरं होतं. मी पावती मागितली असती.

मी त्या दहा मुसळांकडे बघत बसलो. रायनच्या ते काही दिवसांत लक्षात आलं होतं. माझ्या घरातलं मोसंबं लिंबू झालं आणि वीसहून अधिक वर्षं मला पत्ता नाही. आणि ह्या रात्रपाळीवालीपुढे मी कुठले दोन पर्याय ठेवणार होतो? तिनं चोरलं होतं ते तिचंच होतं. खिशात घातलं होतं ते माझ्या मुलाच्या. रायनची जागा माझी नव्हतीच. मी आपला तो बॅनिंगच्या स्टेशनावरचा कारकून, सोन्याच्या गाडीची पावती फाडणारा.

‘‘पुढं काय झालं त्या लँगचं?’’ सौ.नं विचारलं. तिला विषय बदलायचा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

पुढची गोष्ट अशी आहे. १९०५ साली खाणीतल्या माणसांना खडकातली भेग लागली. फार पूर्वी तिथे जमीन सरकलेली होती आणि सोन्याची शीर मधोमध तुटून कुठच्या कुठे गेली होती. लोकांनी शोधली, पण ती पुन्हा कधी सापडली नाही. जसा घोडा हरवला होता तशी शीरही हरवली. १९३१ साली रायनच्या वारसांनी जुन्या टाकाऊ गाळातला सहाशे टन माल सायनाइडनं धुऊन काढला, त्यात आणखी काही शे औंस मिळालं. तेवढ्यावर खातं बंद. १८९४ ते १९३१ ह्या काळात सगळं मिळून १०,००० औंस सोनं आणि १६,००० औंस चांदी निघाली. मी मनात हिशेब केला. ३११ किलो सोनं, म्हणजे २६,६०० तोळ्यांच्या वर. चार तोळ्यांच्या पाटल्यांच्या साडेसहा हजारांहून जास्त जोड्या. त्या वेळच्या औंसाला २०.६७ डॉलर ह्या सरकारी भावानं दोन लाख सहा हजार डॉलर. आपल्या कोलारमधून शंभरावर वर्षांत आठशे टनांच्या वर निघालं, त्यापुढे हे काहीच नाही. पण ह्या वाळवंटात ही खाण मोठी गणली गेली.

आणि जॉनी? खाण बंद पडल्यावर तो परत आला आणि इथेच, खाणीच्या रिकाम्या स्वयंपाकघरात राहायला लागला. म्हातारा झाला होता. अधूनमधून तो बिल कीज नावाच्या शेजाऱ्याला थोडं थोडं सोनं विकत असे. लोकांचा तर्क असा, की रात्रपाळीतलं पुरून ठेवलेलं तो उकरून काढत होता. हा बिल कीजही सांगण्यासारखा माणूस. रस्त्याच्या वादात १९४३ साली त्याच्या हातून शेजारी मारला गेला, तो तुरुंगात गेला आणि पेरी मेसनचे लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर ह्यांनी त्याची बाजू लावून धरली, तेव्हा १९५६ साली त्याला माफी मिळाली. पण ते नंतरचं. १९२५ सालच्या हिवाळ्यात जॉनी लँगच्या घरातलं खाण्याचं सामान संपलं. दाराला चिठ्ठी लावून गेला, की शिधा आणायला जातोय, लवकरच येतो. अंगात ताकद नव्हती, थंडी होती. दोन महिन्यांनी बिल कीजला तो रस्त्याच्या कडेला सापडला. वाळवंटाच्या हवेनं देह वाळून गेला होता. कीजनं त्याला तिथेच पुरलं.

उतरताना कोणी फार बोललं नाही. चढताना दगड पायांना छळतात, उतरताना गुडघ्यांना. एका अवघड जागी सौ.नं हात पुढे केला आणि मी तो धरला. पाटली बोटांना लागली. वीस वर्षांत हातात न घेतलेली वस्तू एका दिवसात दोनदा हातात आली.

गाडीत बसल्यावर चिरंजीव म्हणाले, जॉनीची कबर वाटेवरच आहे, थांबू या का? थांबलो. कीज व्ह्यूच्या रस्त्याच्या कडेला दगडांची साधी रास आहे. ज्या माणसाच्या हातातून एवढं सोनं गेलं, खरं आणि चोरलेलंही, तो पीठमीठ आणायला पायी निघाला आणि इथवर पोचला. सौ.नं पिशवीतून बेसनाचा लाडू काढला. चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, इथे खायचं काही ठेवायचं नाही, नियम आहे.’’ तिनं थोडा विचार केला आणि तो लाडू माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘‘मग तुम्ही खा. त्याच्या नावानं.’’

मी खाल्ला. त्या जागेवर मला त्या लाडवापेक्षा जास्त काही मिळावं, असं मी दिवसभरात काही कमावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव हट्टानं आम्हांला आर्टेशियाला घेऊन गेले. तिथे पायोनियर बुलेवार्डवर आपल्या लोकांच्या दागिन्यांच्या दुकानांची रांग आहे. लक्ष्मी रोडवर आल्यासारखं वाटतं. सौ.नं चार दुकानं पाहिली, पाटल्या हातात घालून बघितल्या, वजनं विचारली, मजुरी विचारली आणि नको म्हणाली.

‘‘का गं?’’ मी म्हटलं. ‘‘मी पावती मागणार नाही.’’

‘‘तसं नव्हे,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांची सवय झालीय. विमानतळावर भीती नाही, लोकलमध्ये भीती नाही. चोर आला तर ‘घे बाबा’ म्हणून हातावर ठेवता येतात.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आणि मुलामा उडाला तर आता सांगलीला जायला नको. तुमचा बँकेचा सराफ आहेच की.’’